देवमासा न विकता चालणारा कारोबार

व्यापाऱ्याने माल दाखवायचा, भाव सांगायचा आणि गिऱ्हाइकाने माल पारखून पैसे मोजायचे, ही तिजारतीची सरळ वाट आहे. कापडाच्या पेढीवर आम्ही तागा उलगडतो, गिऱ्हाईक बोटांनी पोत पाहते, मग सौदा ठरतो. परंतु जगात असेही धंदे आहेत, की ज्यात विकणाऱ्याकडे माल नसतो. तो माल त्याच्या मालकीचा कधी होणारही नसतो. गिऱ्हाईक आले त्या दिवशी तो नजरेस पडेलच अशी हमीही देता येत नाही. तरीसुद्धा गिऱ्हाईक दूरदेशाहून येते, काही शे डॉलर मोजते आणि बहुधा खूश होऊन परत जाते.

असा एक धंदा अमेरिकेच्या वायव्य टोकाला सिअ‍ॅटल शहरात चालतो. हे शहर वॉशिंग्टन नावाच्या राज्यात आहे. राजधानीचे वॉशिंग्टन शहर वेगळे, ते देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. सकाळी पाण्यावरून उडणाऱ्या छोट्या विमानाने बेटावर जायचे, दुपारी बोटीतून देवमासे पाहायचे आणि संध्याकाळी विमानानेच परत यायचे, अशी ही एक दिवसाची सहल असते.

वाचक म्हणतील, श्रीमंतांच्या सहलीशी आम्हा दुकानदार-कारागिरांचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या हातात विकण्यासारखे काय आहे आणि काय नाही, हा प्रश्न या धंद्यात रोज उभा असतो. याच किनाऱ्यावर पन्नास-साठ वर्षांपूर्वी त्या प्रश्नाचे चुकीचे उत्तर दिले गेले आणि त्याचे नुकसान आजतागायत भरून निघालेले नाही. म्हणून या कारोबाराचा हिशेब प्रस्तुत लेखात मांडत आहोत.

दोन धंदे, एक चिठ्ठी

सिअ‍ॅटलच्या वायव्येला समुद्रात सॅन वान नावाचा बेटांचा समूह आहे. त्यातील मुख्य गावाचे नाव फ्रायडे हार्बर. पलीकडे कॅनडाची हद्द लागते. या बेटांच्या आसपासच्या खाड्यांमध्ये देवमासे येतात. सिअ‍ॅटलहून तेथे जमिनीच्या वाटेने जायचे तर आधी मोटारीने सुमारे १३० किलोमीटरवरचे अ‍ॅनाकोर्टिस बंदर गाठावे लागते. तेथून मोटारी वाहून नेणारी सरकारी फेरीबोट पकडायची. तिला तासाहून अधिक लागतो. फेरीच्या रांगेत जाणारा वेळ वेगळा. म्हणजे जाऊन-येऊन दिवस संपला, देवमासे पाहायला वेळच उरला नाही.

येथे विमान कामाला येते. सिअ‍ॅटल शहराच्या मध्यभागी लेक युनियन नावाचे तळे आहे. त्या तळ्यातूनच विमान उडते आणि पाऊण तासाच्या सुमारास फ्रायडे हार्बरच्या पाण्यात उतरते. धक्क्यावर उतरले की देवमासे दाखवणारी बोट चालत जाण्याच्या अंतरावर असते. बोटीत तीन-चार तास, मग गावात थोडे फिरणे-जेवण आणि संध्याकाळी परत.

यात धंद्याच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, की विमानवाल्याने प्रवासालाच माल बनवले. हे विमान फार उंचावरून जात नाही. खाली बेटे, जहाजे, दीपगृहे, किनाऱ्याची जंगले स्पष्ट दिसतात. दुसऱ्या वाहनात जो वेळ गिऱ्हाईक कंटाळून काढते, त्याच वेळेचे ते येथे आनंदाने पैसे देते.

दुसरी गोष्ट नाशवंत मालाची. आमच्या दुकानातला तागा आज खपला नाही तर उद्या खपतो. फार झाले तर हंगाम संपल्यावर भाव उतरवून काढता येतो. विमानातली किंवा बोटीतली खुर्ची तशी नाही. नऊच्या फेरीला जी जागा रिकामी गेली, ती कायमची गेली. तिचा साठा करता येत नाही. म्हणून विमानवाला आणि बोटवाला यांनी हात मिळवला आणि एकाच चिठ्ठीवर दोघांच्या जागा विकल्या. विमानवाल्याच्या पेढीवर आलेले गिऱ्हाईक बोट भरते, बोटीसाठी आलेले गिऱ्हाईक विमान भरते. दोघांचे धंदे वेगळे, हिशेब वेगळे, परंतु गिऱ्हाइकाला एकच दार ठोठवावे लागते. बाजारात रंगारी, शिलाईवाला आणि कापडवाला यांनी समजुतीने एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवावे, तसाच हा प्रकार आहे.

जुने यंत्र, जिवंत हुन्नर

आता विमानाकडे पाहू. पाण्यावर उतरणाऱ्या या विमानाला चाकांच्या जागी होडीच्या आकाराचे दोन लांब पोकळ पाय असतात. त्यावर ते तरंगते. या भागातील जुनी आणि नावाजलेली कंपनी म्हणजे केनमोर एअर. लेक वॉशिंग्टन या मोठ्या तळ्याच्या उत्तर टोकाला केनमोर गावी १९४६ मध्ये तीन मित्रांनी ती सुरू केली. त्यांच्यापैकी बॉब मन्रो हे पुढे तिचे मुख्य चालक झाले. सुरुवातीचे भांडवल म्हणजे एक छोटे विमान.

येथील प्रसिद्ध विमान म्हणजे कॅनडातील डी हॅविलँड कंपनीचे 'बीव्हर'. त्याचे पहिले उड्डाण १९४७ मध्ये झाले. १६०० हून अधिक विमाने बनवून १९६७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. त्याचाच मोठा भाऊ 'ऑटर', पहिले उड्डाण १९५१ चे. वाचकांना नवल वाटेल, परंतु आज पर्यटक ज्यात बसतात त्यातली पुष्कळ विमाने साठ-सत्तर वर्षांपूर्वी घडवलेली आहेत.

ती उडतात कशी? कारखान्याच्या जोरावर. केनमोरच्या कारखान्यात जुने बीव्हर येते तेव्हा ते पार सांगाड्यापर्यंत उलगडले जाते. गंजलेला पत्रा बदलतात, तारा आणि नळ्या नव्या घालतात, इंजिन खोलून पुन्हा बांधतात, काही ठिकाणी मूळ बांधणीत सुधारणाही करतात. अशा रीतीने नव्याने बांधलेल्या बीव्हरला बाजारात वेगळे नाव आणि वेगळा भाव आहे. म्हणजे कंपनीचा एक धंदा विमान उडवण्याचा आणि दुसरा विमान दुरुस्त करण्याचा, आणि पहिला दुसऱ्यावर उभा आहे. भिवंडी-मालेगावात जुना यंत्रमाग उघडून पुन्हा चालता करणारे फिटर आणि जॉबर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या हुन्नराची किंमत वेगळी सांगायला नको.

फरक एवढाच, की माग बिघडला तर कापडात खोट येते आणि विमान बिघडले तर जीव जातो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुसऱ्या एका कंपनीचे ऑटर विमान फ्रायडे हार्बरहून सिअ‍ॅटलजवळील रेंटनकडे निघाले होते. व्हिडबी बेटाजवळ म्युटिनी बे येथे ते समुद्रात कोसळले. वैमानिक आणि नऊ प्रवासी, सर्व दहा जण मरण पावले. अमेरिकेच्या सरकारी तपास मंडळाने समुद्राच्या तळातून अवशेष काढून तपासले. शेपटीचा आडवा पंख वर-खाली करणाऱ्या दांड्याचे दोन भाग आट्यांवर जोडलेले असतात. ते फिरून सुटू नयेत म्हणून तारेची एक लहानशी कडी बसवायची असते. ती कडी जागेवर नव्हती किंवा नीट बसलेली नव्हती आणि आटे सुटून दांडा वेगळा झाला, असे निष्पन्न झाले. त्यानंतर अशा सर्व विमानांचा हा भाग तपासण्याचे हुकूम निघाले.

आमच्या कारागीर बांधवांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. जी कडी गिऱ्हाईक कधी पाहणार नाही, ती बसवण्यातच कारागिराची अमानतदारी आहे.

या विमानांचे आणखी काही कायदे आहेत. ती दिवसाउजेडी, नजरेने वाट पाहत उडवली जातात. धुके दाटले किंवा वारा फार झाला तर उड्डाण थांबते. जागा थोडी म्हणून वजन मोजून घेतात. प्रवाशाला स्वतःचे वजन सांगावे लागते आणि सामान दहा-अकरा किलोच्या आत ठेवावे लागते. गिऱ्हाईक कुरकुरले तरी यात सूट मिळत नाही. सूट द्यायची नाही अशी एखादी गोष्ट प्रत्येक धंद्यात असते. ती कोणती, हे मालकाला नीट ठाऊक पाहिजे.

पाहायला जातात तो मासा कोण?

येथे लोक मुख्यतः ऑर्का पाहायला येतात. त्याला किलर व्हेल असेही म्हणतात. नाव देवमाशाचे असले तरी प्राणिशास्त्राप्रमाणे हा डॉल्फिनच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी आहे. अंग काळे, पोट आणि डोळ्यामागचा पट्टा पांढरा. नर आठ-नऊ मीटरपर्यंत वाढतो आणि त्याच्या पाठीवरचा पंख पुरुषभर उंच असतो.

या पाण्यात ऑर्काच्या दोन वेगळ्या जमाती आहेत. एक मासे खाणारी. तिचे मुख्य अन्न चिनूक जातीचा मोठा सामन मासा. ही जमात जे, के आणि एल या तीन कुटुंबांत विभागलेली आहे. मुले, मुलगेसुद्धा, जन्मभर आईच्या कुटुंबात राहतात. दुसरी जमात सील आणि इतर सागरी प्राण्यांची शिकार करणारी. दोघी एकाच पाण्यात फिरतात, पण एकमेकींत मिसळत नाहीत.

कॅनडाचे शास्त्रज्ञ मायकल बिग यांनी १९७० च्या दशकात एक साधी पण मोठी गोष्ट दाखवून दिली. पाठीच्या पंखाचा आकार, त्यावरचे ओरखडे आणि मागचा करडा डाग यांवरून प्रत्येक ऑर्का वेगळा ओळखता येतो. त्यांनी फोटो काढून प्रत्येकाला नंबर दिला. तोपर्यंत लोकांची समजूत होती, की समुद्रात हे प्राणी हजारोंनी असतील. नोंदवही झाल्यावर कळले, की मासे खाणाऱ्या या दक्षिणेकडच्या जमातीत जेमतेम सत्तर उरले आहेत. साठा मोजल्याशिवाय माल काढत राहिले तर काय होते, त्याचे हे उदाहरण आहे. हा माल कसा निघाला, ते आता सांगतो.

जेव्हा मासाच विकला

१९६५ मध्ये कॅनडाच्या किनाऱ्यावर नामू गावाजवळ कोळ्यांच्या जाळ्यात एक नर ऑर्का अडकला. सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयाचे मालक टेड ग्रिफिन यांनी तो ८ हजार डॉलरला विकत घेतला, तरंगत्या पिंजऱ्यात घालून सिअ‍ॅटलला आणला आणि तिकीट लावून लोकांना दाखवला. झुंबड उडाली. ते जनावर सुमारे वर्षभर जगले. पण बाजाराला भाव कळला होता. देशोदेशींच्या मत्स्यालयांतून मागणी सुरू झाली आणि ऑर्का पकडणे हा धंदा झाला.

८ ऑगस्ट १९७० रोजी व्हिडबी बेटाच्या पेन कोव्ह खाडीत बोटी आणि विमान लावून, पाण्यात स्फोट करून सुमारे ८० ऑर्का कोंडण्यात आले. त्यांतली सात पिल्ले विकण्यासाठी वेगळी काढली. पिल्लेच का? तर ती वाहून न्यायला सोपी आणि शिकवायला सोपी. या गडबडीत काही जाळ्यात गुदमरून मेली. मेलेल्यांची पोटे चिरून, त्यात दगड भरून ती समुद्रात बुडवली गेली, म्हणजे लोकांना कळू नये. काही महिन्यांनी ती किनाऱ्याला लागली आणि सर्वांना कळले. विकलेल्या पिल्लांपैकी एक मादी फ्लोरिडा राज्यात मायामीच्या हौदात गेली. ती १८ ऑगस्ट २०२३ रोजी, आपल्या पाण्यापासून दूर, त्रेपन्न वर्षे बंदिवासात काढून मेली.

१९७६ मध्ये राज्याच्या राजधानीजवळ बड इनलेट खाडीत पुन्हा अशी पकड झाली. राज्यपालांचे एक सहायक त्या दिवशी आपल्या बोटीतून तेथे फिरत होते. त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली. राज्य सरकार कोर्टात गेले, ऑर्का सोडून द्यावे लागले आणि या किनाऱ्यावरची पकड संपली. तोपर्यंत या एका जमातीचे चाळीसहून अधिक प्राणी पकडले गेले होते किंवा पकडताना मेले होते.

आता हिशेब पाहा. ऑर्काची मादी साधारण बारा-पंधरा वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते. दीड वर्ष गाभण असते. एका वेताला एकच पिल्लू, आणि दोन वेतांमध्ये बरीच वर्षे जातात. अशा कळपातून पिल्लांची एक पिढी काढून घेतली, म्हणजे पुढच्या पिढीच्या आयाच काढून घेतल्या. विकणाऱ्याला काही हजार डॉलर एकदा मिळाले. समुद्राचे नुकसान अजून चालू आहे. बियाण्याची पोती विकून दिवाळखोर झालेला शेतकरी आणि हा धंदेवाला यांत फरक तो काय?

पाहण्याचा बाजार

पैसे घेऊन देवमासे दाखवण्याचा धंदा त्याआधीच दुसरीकडे सुरू झाला होता. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे एका कोळ्याने माणशी १ डॉलर घेऊन लोकांना करडे देवमासे दाखवायला आपल्या बोटीत नेले. व्यापारी शिकारीवरची आंतरराष्ट्रीय बंदी १९८६ पासून अमलात आली आणि पाहण्याचा धंदा वाढत गेला. २००८ सालच्या जागतिक पाहणीप्रमाणे ११९ देशांत मिळून १ कोटी ३० लाख लोकांनी देवमासे पाहिले आणि त्यापायी सुमारे २१० कोटी डॉलर खर्च केले. यात केवळ बोटीचे भाडे नाही. राहणे, खाणे, प्रवास, भेटवस्तू सर्व आले. एक ऑर्का हौदात एका मालकाला पैसे देतो. तोच खुल्या समुद्रात राहिला तर बोटवाला, विमानवाला, खानावळवाला, धक्क्यावरचा मजूर, फिटर अशा अनेकांच्या चुली पेटवतो.

मग विकतात ते काय?

येथे आमच्या वाचकांच्या मनात एक शंका येईल आणि ती योग्य आहे. पाण्यातला मासा आणि आकाशातला पक्षी यांचा सौदा करू नये, हे उदाहरण आपल्या फिक्हच्या किताबांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाते. जे ताब्यात नाही, जे मिळेल की नाही ते माहीत नाही, त्याचे पैसे घेणे म्हणजे गरर, धोक्याचा सौदा. मग समुद्रातला देवमासा दाखवतो म्हणून पैसे घेणे कसे?

फतवा देणे आमचे काम नाही. ते आलिमांचे काम. आम्ही व्यापारी म्हणून एवढेच पाहतो, की प्रामाणिक बोटवाला मासा विकतच नाही. तो विकतो बोटीतली जागा, वाटाड्याची जाणकारी, ठरलेल्या तासांचे शोधणे आणि सुखरूप परत आणणे. या चारही गोष्टी त्याच्या ताब्यात आहेत. मासा दिसणे ताब्यात नाही, म्हणून तसे आधीच स्पष्ट सांगतात. पुष्कळ कंपन्या तर देवमासा दिसला नाही तर पुढे कधीही पुन्हा फुकट नेऊ, अशी लेखी जबान देतात.

घोटाळा कोठे होतो? जाहिरातीत उसळलेल्या देवमाशाचे चित्र मोठे छापायचे आणि अटी बारीक अक्षरात, तेथे. गिऱ्हाइकाला वाटते आपण चित्र विकत घेतले. मग दूरवर एक काळा पंख दिसला तर तो भांडायला उठतो. कापडाच्या धंद्यात हेच आहे. नमुना एक आणि माल दुसरा पाठवला तर एकदा पैसे मिळतात, दुसऱ्यांदा गिऱ्हाईक येत नाही. जे ताब्यात आहे त्याचीच हमी द्यावी आणि जे नाही ते तोंडावर सांगावे. यात धंदा बुडत नाही, उलट टिकतो.

पाहणेही फुकट पडत नाही

वाचकांनी असे समजू नये, की पकडणे बंद झाले आणि सर्व ठीक झाले. मासे खाणाऱ्या त्या जमातीची संख्या वाढून १९९५ मध्ये ९८ झाली होती. पुढे ती उतरली. २००५ मध्ये अमेरिकेने तिला नष्ट होण्याच्या मार्गावरील म्हणून कायद्याचे संरक्षण दिले. तरीही २०२५ मध्ये ती पंचाहत्तरीच्या आतच होती. २०१८ मध्ये यातल्या एका मादीने आपले मेलेले पिल्लू १७ दिवस डोक्यावर तोलून पाण्यात वाहिले. त्या बातमीने साऱ्या जगाचे लक्ष इकडे वेधले.

कारणे तीन सांगतात. पहिले, चिनूक सामन कमी झाला. नद्यांवर धरणे बांधली गेली, अंडी घालायच्या जागा गेल्या. दुसरे, पाण्यात उतरलेली कारखान्यांची विषे या प्राण्यांच्या चरबीत साठतात. तिसरे कारण आपल्या विषयाचे, म्हणजे बोटींचा आवाज. ऑर्का पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासा शोधतो. इंजिनांचा गोंगाट असला की त्याला शिकार सापडत नाही. म्हणजे पाहायला येणारेच त्याच्या ताटातला घास लांब करतात.

म्हणून कायदे कडक होत गेले. २०११ मध्ये अमेरिकी सरकारने बोटींना ऑर्कापासून २०० यार्ड दूर राहण्याचा नियम केला. २०१९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने या खास जमातीसाठी बाजूने ३०० आणि पुढे-मागे ४०० यार्ड अंतर ठरवले व जवळपास वेग कमी ठेवण्याचे बंधन घातले. पुढे बोटवाल्यांना परवाने घ्यावे लागले. जानेवारी २०२५ पासून या जमातीपासून १००० यार्ड, म्हणजे सुमारे ९१५ मीटर दूर राहावे लागते. एवढ्या अंतरावरून पाहण्यासारखे फारसे उरत नाही.

मग धंदा बुडाला का? नाही. बोटवाल्यांनी आपला माल बदलला. सील खाणाऱ्या दुसऱ्या जमातीची संख्या वाढून ३०० च्या वर गेली आहे, कारण कायद्याने वाचवल्यामुळे तिचे खाद्य वाढले. शिकार थांबल्यावर हंपबॅक देवमासेही हळूहळू या पाण्यात परतले. आता सहलीत मुख्यतः हे दाखवतात. जो कळप नाजूक आहे त्याला सोडून देतात. सॅन वान बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर लाइम किल्न नावाचे उद्यान आहे. तेथे १९१९ च्या दीपगृहाजवळ खडकावर बसून बोटीशिवायही देवमासे पाहता येतात. याने बोटवाल्याचे गिऱ्हाईक तुटत नाही. बेटावर थांबणारे गिऱ्हाईक वाढते.

शिवाय धंद्याची मुळे किती दूर जातात, ते पाहा. याच समुद्राला मिळणाऱ्या एल्वा नदीवरची दोन जुनी धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडण्यात आली, म्हणजे सामन पुन्हा नदीत चढावा. बेटावरच्या बोटवाल्याची कमाई अशा रीतीने डोंगरातल्या नदीवर अवलंबून आहे. आपल्या कापडाचा भाव जसा सुताच्या आणि सूत कापसाच्या पिकावर अवलंबून असते, तसेच हे आहे.

आपल्या किनाऱ्यासाठी

हे सर्व सातासमुद्रापलीकडचे झाले. पण कोकणात दापोलीकडे, तारकर्ली-मालवणला आणि गोव्यात डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या आज चालतात. त्या चालवणाऱ्यांत आपल्या कोळी आणि खलाशी बांधवांचाही वाटा आहे. डॉल्फिन आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तेव्हा वरील हिशेबातून काही गोष्टी उचलण्यासारख्या आहेत.

विमानाबद्दल आधी बोलू. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबईतील जुहूहून लोणावळ्याजवळील पवना धरणापर्यंत अशी सेवा सुरू झाली होती. ती टिकली नाही. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी अहमदाबादच्या साबरमतीहून केवडियापर्यंत सेवा सुरू झाली. विमान मालदीवहून आणलेले होते आणि देखभालीसाठी ते पुन्हा पुन्हा मालदीवलाच न्यावे लागे. एप्रिल २०२१ मध्ये तीही बंद पडली. केनमोरमध्ये कारखाना आधीपासून दाराशी होता. येथे विमान आले, कारखाना आला नाही. ज्या यंत्राची दुरुस्ती आपल्या गल्लीत होत नाही, त्या यंत्रावर रोजीचा धंदा उभारताना दहा वेळा विचार करावा. आणि ज्या तरुणांना हुन्नर शिकायचा आहे, त्यांनी ओळखावे की नव्या यंत्राबरोबर पहिली गरज दुरुस्ती करणाऱ्याची निर्माण होते.

आता होडीबद्दल. डॉल्फिन दिसला की चार होड्या भरधाव त्याच्यामागे लावायच्या, ही आपल्याकडची सवय घातक आहे. दोन-चार मिनिटे गिऱ्हाईक टाळ्या पिटते, पण कळप त्या जागेवरून उठून जातो. इंजिन मंद करावे, आडवे जाऊ नये, पिल्लू असलेल्या मादीपासून दूर राहावे. एका गावच्या होडीवाल्यांनी आपसात ठरवून एका वेळी एक-दोन होड्याच कळपाजवळ न्याव्यात. हा नियम सरकारने करायची वाट पाहू नये. सिअ‍ॅटलकडे ज्यांनी स्वतःहून अंतर राखले नाही, त्यांना कायद्याने एक हजार यार्डांवर नेऊन उभे केले.

तिकिटाचा दर, फेरीचा वेळ, डॉल्फिन न दिसल्यास काय, हे मोठ्या अक्षरात पाटीवर लिहावे. प्रत्येकाला जाकीट घालायला लावावे आणि होडीत ठरल्याहून एकही माणूस जास्त घेऊ नये. ईदच्या किंवा दिवाळीच्या गर्दीतसुद्धा नाही. जवळची खानावळ, जीपवाला, काजू-कोकम विकणारी बचत गटाची बाई यांच्याशी जोडून घेऊन एकाच चिठ्ठीवर दिवसाचा कार्यक्रम द्यावा आणि प्रत्येकाचा वाटा हंगामाआधी लिहून ठेवावा. भागीदारीत भांडण बहुधा नफा आल्यावरच होते.

समुद्र कोणा एकाच्या बापाचा नाही. त्यातला जीव आपण घडवलेला नाही आणि आपण त्याचे मालकही नाही. त्याच्या आसऱ्याने रोजी कमावण्याची मुभा आहे, तोवर ती जपून वापरावी. या हंगामात जे बांधव होडी पाण्यात लोटणार आहेत, त्यांनी इंजिनाला तेल घालण्याआधी आपल्या गावच्या होडीवाल्यांची एक बैठक घ्यावी आणि वरील चार नियम कागदावर उतरवून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. कामाला एवढी सुरुवात पुरेशी आहे.